छोट्या ॲम्प्लिफायरचा मोठा आवाज

घरच्या खोलीत खिडक्यांची तावदाने हादरवणारा गिटारचा छोटा ॲम्प्लिफायर रंगमंचावर ड्रमसेटच्या शेजारी ठेवला की जणू मुका होतो. बहुतेक नव्या गिटारवादकांच्या वाट्याला हा अनुभव येतो आणि त्यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे अधिक वॅटचा, अधिक जड आणि अर्थातच अधिक महाग ॲम्प्लिफायर विकत घेणे. प्रत्यक्षात कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे वॅटशी असलेले नाते फार सैल आहे. स्पीकरची कार्यक्षमता, ॲम्प्लिफायरची जागा, स्वरांच्या मध्यपट्टीचा समतोल आणि माइकचा वापर या चार गोष्टी जमल्या तर ५ ते १५ वॅटचा ॲम्प्लिफायरही बऱ्याच कार्यक्रमांत निभावून नेतो. या गोष्टी दुर्लक्षित राहिल्या तर ५० वॅटचा ॲम्प्लिफायर आणूनही गिटार हरवलेलीच राहते.

वॅट आणि डेसिबल

वॅट हे ॲम्प्लिफायर स्पीकरला किती विद्युतशक्ती पुरवतो याचे माप आहे. आवाजाचे माप डेसिबल हे आहे. डेसिबलची मोजपट्टी गुणोत्तरावर चालते. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. हा फरक कानाला जाणवतो, पण फारसा मोठा वाटत नाही. आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. थोडक्यात, १० वॅटच्या दुप्पट मोठा वाटणारा ॲम्प्लिफायर २० वॅटचा नसतो, तर १०० वॅटचा असतो.

उदाहरणादाखल एक साधे गणित पाहता येईल. गिटारच्या स्पीकरवर त्याची संवेदनक्षमता नमूद केलेली असते. एक वॅट शक्ती दिल्यास एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ते या आकड्यावरून कळते. ९७ डेसिबल संवेदनक्षमतेच्या स्पीकरला ५ वॅट दिल्यास १०४, १५ वॅट दिल्यास सुमारे १०९, ३० वॅट दिल्यास सुमारे ११२ आणि १०० वॅट दिल्यास ११७ डेसिबल आवाज मिळेल. पाच वॅट आणि शंभर वॅट यांत वीसपटीचे अंतर असले तरी आवाजातील फरक १३ डेसिबलचाच आहे. जोरात वाजणारा ड्रमसेट जवळून सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. म्हणजेच ५ वॅटचा ॲम्प्लिफायर या स्पर्धेत अगदीच दुबळा नाही. तो काठावर आहे. काठावरच्या या यंत्राला आणखी पाच-सहा डेसिबल कसे मिळवून द्यायचे, एवढाच खरा प्रश्न उरतो.

येथे एक अपवाद सांगायला हवा. विकृत, म्हणजे 'डिस्टॉर्शन'चा स्वर हवा असलेल्या वादकाला ॲम्प्लिफायर त्याच्या मर्यादेपर्यंत ताणता येतो. स्वच्छ स्वरात वाजवणाऱ्याला मात्र ती मुभा नाही. तार छेडल्याच्या क्षणी येणारा झटका सरासरी आवाजापेक्षा १० डेसिबल किंवा त्याहूनही अधिक उंच जाऊ शकतो आणि तो न फाटता बाहेर यायचा तर ॲम्प्लिफायरकडे तेवढी शक्ती शिल्लक असावी लागते. त्यामुळे जॅझ किंवा सुगम संगीतात स्वच्छ गिटार वाजवणाऱ्याला रॉक वादकापेक्षा अधिक वॅटची गरज भासते. व्हॉल्व्हचा वॅट ट्रान्झिस्टरच्या वॅटपेक्षा मोठा वाटतो, या समजुतीमागेही हेच कारण आहे. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मर्यादा ओलांडताना हळूहळू दबतो आणि कानाला गोड लागतो, म्हणून वादक तो निःशंकपणे ताणतो. ट्रान्झिस्टरचा स्वर मर्यादेपलीकडे एकदम कर्कश होतो, म्हणून तो अलीकडेच थांबवला जातो.

मोठे ॲम्प्लिफायर आले कसे?

विद्युत गिटारचा जन्मच मुळी ऐकू न येण्याच्या तक्रारीतून झाला. मोठ्या वाद्यवृंदातील पितळी वाद्यांपुढे साधी गिटार बुडून जात असे. १९३०च्या दशकात अमेरिकेत रिकेनबॅकरची 'फ्राइंग पॅन' आणि १९३६ मध्ये गिब्सनची 'ईएस-१५०' ही विद्युत गिटार बाजारात आली, त्यामागे हीच गरज होती. त्या काळचे ॲम्प्लिफायर आजच्या मानाने लहानच होते.

वॅटची खरी चढाओढ सुरू झाली ती ब्रिटनमध्ये. जेनिंग्ज म्युझिकल इंडस्ट्रीज या कंपनीने १९५८ मध्ये 'व्हॉक्स एसी-१५' हा डिक डेनी यांनी रचलेला १५ वॅटचा ॲम्प्लिफायर आणला. 'द शॅडोज' या लोकप्रिय बँडला तो पसंत पडला, परंतु ओरडणाऱ्या चाहत्यांपुढे १५ वॅट अपुरे पडू लागले. त्यावर उपाय म्हणून शक्ती आणि स्पीकर दोन्ही दुप्पट करून 'एसी-३०' तयार झाला. त्यात एकाऐवजी १२ इंची दोन स्पीकर होते. केवळ वॅट वाढवून मिळाले असते त्यापेक्षा अधिक बळ या दुसऱ्या स्पीकरमुळे मिळाले, ही बाब महत्त्वाची आहे. त्यानंतर लंडनमधील जिम मार्शल यांच्या दुकानातून 'जेटीएम-४५' आणि पुढे 'द हू' या बँडच्या मागणीवरून १०० वॅटचे मार्शल ॲम्प्लिफायर बाहेर पडले.

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये 'बीटल्स'चा कार्यक्रम सुमारे ५५ हजार श्रोत्यांपुढे झाला. रंगमंचावर व्हॉक्सचे १०० वॅटचे ॲम्प्लिफायर होते, तरीही चाहत्यांच्या किंकाळ्यांत वादकांना स्वतःचेच वादन धड ऐकू येत नव्हते. त्या काळी सभागृहाची ध्वनिक्षेपण यंत्रणा प्रामुख्याने गायनासाठी वापरली जाई. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी रंगमंचावरील ॲम्प्लिफायरवरच असे. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून ध्वनिक्षेपण यंत्रणा वेगाने सुधारली आणि गिटार, ड्रम, बेस अशी सगळीच वाद्ये माइकमधून तिच्याकडे जाऊ लागली. १०० वॅटचा ॲम्प्लिफायर ज्या अडचणीवर उपाय म्हणून जन्मला, ती अडचणच त्यानंतर बहुतांशी उरली नाही. मोठ्या ॲम्प्लिफायरची प्रतिष्ठा मात्र टिकून राहिली.

भोंग्याचा धडा

कमी शक्तीतून मोठा आवाज कसा निघतो हे समजण्यासाठी महाराष्ट्रातील वाचकाला लांब जाण्याची गरज नाही. लग्नाच्या मांडवात, जत्रेत किंवा प्रचाराच्या रिक्षावर बांधलेला भोंगा आठवावा. त्याच्यामागचा ॲम्प्लिफायर अनेकदा लहानच असतो, तरीही आवाज गावाच्या वेशीपर्यंत जातो. भोंग्याच्या आकारामुळे विद्युतशक्तीचा मोठा वाटा ध्वनीत रूपांतरित होतो आणि त्याची संवेदनक्षमता साध्या स्पीकरपेक्षा कितीतरी जास्त असते. ती १०७ डेसिबल धरली, तर १० वॅटवर भोंगा जो आवाज देतो, तोच ९७ डेसिबलच्या स्पीकरमधून काढण्यासाठी १०० वॅट लागतील. शिवाय भोंगा खर्जाच्या भानगडीत पडत नाही. माणसाचा कान ज्या पट्टीत सर्वांत तीक्ष्ण असतो, तेथेच तो सगळी शक्ती खर्च करतो.

गिटारला भोंगा लावावा असा याचा अर्थ नाही. पण त्यामागील दोन्ही तत्त्वे तिला लागू पडतात. पहिले तत्त्व स्पीकरच्या निवडीचे. १२ इंची गिटार स्पीकर साधारणपणे ९५ ते १०२ डेसिबल या दरम्यान संवेदनक्षमतेचे असतात. सेलेशन कंपनीचा सुप्रसिद्ध 'ग्रीनबॅक' ९८ डेसिबलचा, तर 'व्हिंटेज ३०' आणि एसी-३० मुळे नावारूपाला आलेला 'ब्ल्यू' हे १०० डेसिबलचे आहेत. ९७ ऐवजी १०० डेसिबलचा स्पीकर बसवणे म्हणजे १५ वॅटच्या ॲम्प्लिफायरला ३० वॅटचे बळ देण्यासारखे आहे. यंत्र तेच राहते आणि वजनातही फारसा फरक पडत नाही. अगदी लहान ॲम्प्लिफायरमध्ये ६ किंवा ८ इंची स्पीकर असतो. त्याची संवेदनक्षमता बहुधा १२ इंचीपेक्षा कमी असते आणि खोकेही लहान असल्याने स्वर पोकळ वाटतो. असा ५ वॅटचा ॲम्प्लिफायर १२ इंची स्पीकरच्या स्वतंत्र पेटीला जोडला, की तो वेगळेच यंत्र असल्याचा भास होतो.

स्पीकर बदलताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात. त्याची शक्ती पेलण्याची क्षमता ॲम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा अधिक असावी, त्याचे ओहममधील मूल्य मूळ स्पीकरइतकेच असावे आणि त्याचे लोहचुंबक पेटीत मावावे. स्पीकर बदलला की आवाजाबरोबर स्वराचा पोतही बदलतो. त्यामुळे शक्य असल्यास आधी ऐकून मगच खरेदी करणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी पेटी आणि ओहमचे गणित

अनेक ॲम्प्लिफायरना मागील बाजूस जादा स्पीकरची पेटी जोडण्याची सोय असते. एकासारखे एक असे दोन स्पीकर शेजारी-शेजारी किंवा एकावर एक ठेवले की खालच्या आणि मध्यम स्वरांत ते एकमेकांना साथ देतात. एकूण शक्ती तेवढीच असली, तरी समोर ३ डेसिबलपर्यंत वाढ मिळू शकते. वरची पेटी वादकाच्या कानाजवळ येते, हा आणखी एक लाभ.

मात्र येथेच सर्वाधिक यंत्रे बिघडतात. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की एकूण ४ ओहम होतात आणि एकसर जोडले की १६ ओहम होतात. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला त्याच्यावर लिहिलेल्या किमान ओहमपेक्षा कमी भार जोडल्यास त्यातून मर्यादेबाहेर प्रवाह वाहतो आणि तो जळू शकतो. अधिक ओहमचा भार त्याला चालतो, पण शक्ती घटते. ४ ओहमसाठी बनवलेल्या यंत्राला ८ ओहमचा स्पीकर लावला, तर जवळपास निम्मीच शक्ती मिळते. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये भार ठरलेल्या ओहमचाच असावा, आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो कदापि वाजवू नये. भार नसताना त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये निर्माण होणारा उच्च दाब आतील आवरण जाळू शकतो. ट्रान्सफॉर्मर हा अशा ॲम्प्लिफायरमधील महागड्या सुट्या भागांपैकी एक असतो. पेटी जोडण्यासाठी स्पीकरचीच जाड वायर वापरावी. गिटारची केबल वरून तशीच दिसली, तरी तिच्यातील तार बारीक असते आणि ती या कामासाठी नसते.

गुडघ्यांना ऐकू येणारी गिटार

रंगमंचावरील सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे ॲम्प्लिफायरची जागा बदलणे. लहान ॲम्प्लिफायर सहसा जमिनीवर, वादकाच्या पाठीमागे दोन पावलांवर ठेवला जातो. ध्वनीची तरंगलांबी स्पीकरच्या रुंदीपेक्षा लहान झाली की तो चहूकडे न पसरता झोताप्रमाणे सरळ जातो. २ हजार हर्ट्झला तरंगलांबी सुमारे १७ सेंटीमीटर असते आणि १२ इंची स्पीकर सुमारे ३० सेंटीमीटर रुंद असतो. त्यामुळे गिटारच्या स्वरातील सगळी धार वादकाच्या गुडघ्यांजवळून सरळ पुढे निघून जाते. वादकाला स्वर बोथट वाटतो, म्हणून तो तारस्वराचे बटण वाढवतो आणि समोरच्या रांगेतील श्रोत्याच्या कानात सुया टोचू लागतात. वादकाला मात्र अजूनही गिटार कमीच ऐकू येते.

यावर उपाय अगदी साधा आहे. ॲम्प्लिफायर खुर्चीवर किंवा भक्कम खोक्यावर ठेवावा, अथवा मागे कलता करून त्याचे तोंड वादकाच्या कानाकडे करावे. अंतराचाही हिशेब करावा. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर निम्मे झाले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. दोन मीटरवर ठेवलेला ॲम्प्लिफायर एक मीटरवर आणला, तर वादकाच्या दृष्टीने त्याची शक्ती जणू चौपट होते. सभागृहात भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीमुळे हे गणित तंतोतंत उतरत नाही, तरी रंगमंचावरील जवळच्या अंतरात त्याचा प्रत्यय येतो.

भिंतीलगत किंवा कोपऱ्यात ठेवल्यास खर्जाला बळ मिळते. लहान खोक्याच्या कृश स्वराला त्याचा उपयोग होतो. पण कोपऱ्यात खर्ज घुमू लागला, तर तो बेस गिटारमध्ये मिसळून चिखल होतो. लाकडी, आतून पोकळ रंगमंचही खर्ज घुमवतो. अशा ठिकाणी खुर्चीवर ठेवणे दुहेरी फायद्याचे ठरते. ध्वनिक्षेपण यंत्रणेची साथ असेल, तर ॲम्प्लिफायर रंगमंचाच्या एका बाजूला ठेवून त्याचे तोंड आडवे, सहकाऱ्यांकडे करण्याची पद्धतही उपयुक्त आहे. त्यामुळे सर्व वादकांना गिटार ऐकू येते आणि पुढच्या रांगेवर मारा होत नाही. रिकाम्या सभागृहात केलेली चाचणी अंतिम मानू नये. श्रोते आल्यावर त्यांचे कपडे आणि शरीरे तारस्वर शोषून घेतात व सभागृहाचा स्वभाव बदलतो.

मध्यपट्टीतच गिटारचे घर

बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की माणसाचा कान सर्व स्वर सारख्याच क्षमतेने ऐकत नाही. आवाज लहान असताना खर्ज आणि अतितार स्वर कानाला कमी जाणवतात. आवाज वाढला की ही तफावत घटते. घरी हळू आवाजात सराव करणारा वादक म्हणूनच नकळत खर्ज आणि तारस्वर वाढवून मध्यपट्टी कमी करतो. खोलीत हा स्वर भरदार आणि चकचकीत वाटतो. तोच समतोल रंगमंचावर नेला की खर्जाचा प्रदेश बेस गिटार आणि मोठा ड्रम व्यापतात, तारस्वरांचा प्रदेश झांजा व्यापतात, आणि गिटारकडे स्वतःचे असे काहीच उरत नाही. आवाजाचे बटण कितीही फिरवले, तरी ती ऐकू येत नाही.

सामान्य जुळणीतील गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला बोलते. पण बँडमध्ये तिची ओळख पटवणारा भाग साधारणपणे ४०० ते ३ हजार हर्ट्झच्या दरम्यान असतो. कानही २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्टीत सर्वांत संवेदनशील असतो. तेव्हा कार्यक्रमाच्या आधी खर्जाचे बटण घरच्यापेक्षा कमी आणि मध्यपट्टीचे जास्त करावे. एकट्याने वाजवताना हा स्वर किंचित नाकातला आणि रुक्ष वाटेल. बँड सुरू झाला की तोच योग्य जागी बसतो. खर्ज कमी केल्याचा आणखी एक लाभ आहे. खालच्या स्वरांना सर्वाधिक शक्ती लागते. ती वाचली की लहान ॲम्प्लिफायरकडे मध्यपट्टीसाठी अधिक बळ उरते आणि छोटा स्पीकरही फडफडत नाही.

डिस्टॉर्शनबाबतही हाच नियम आहे. ते वाढवले की स्वरातील चढउतार सपाट होतात, तार छेडल्याचा ठसका हरवतो आणि गिटार मागे सरकते. घरच्यापेक्षा थोडे कमी डिस्टॉर्शन ठेवल्यास प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो.

एकल वादनाच्या वेळी आवाज उंचावण्यासाठी बूस्ट पेडल वापरतात. ॲम्प्लिफायर स्वच्छ वाजत असेल, तर त्याचा उपयोग होतो. ॲम्प्लिफायर आधीच मर्यादेवर असेल, तर गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामधील पेडल केवळ डिस्टॉर्शन वाढवते, आवाज नव्हे. अशा वेळी ज्या ॲम्प्लिफायरला 'इफेक्ट्स लूप' आहे, त्याच्या लूपमध्ये बूस्ट किंवा ईक्यू पेडल जोडल्यास, अखेरच्या टप्प्यात शक्ती शिल्लक असेपर्यंत, खरी वाढ मिळते. आयबानेझच्या 'ट्यूब स्क्रीमर'सारखी पेडले खर्ज कापून सुमारे ७०० हर्ट्झची मध्यपट्टी पुढे आणतात. त्यांच्या दीर्घ लोकप्रियतेमागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

शेवटी, आवाजाचा प्रश्न एकट्या गिटारवादकाचा नसतो. दोन गिटार एकाच पट्टीत, एकाच लयीत वाजत असतील, तर त्या एकमेकींना झाकतात. एकीने वरचे सूर आणि दुसरीने खालचे सूर घेतले, की दोन्ही ऐकू येतात. ड्रमवादकाने काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुड्या वापरल्या, तर संपूर्ण बँडचा आवाज उतरतो आणि १५ वॅट मुबलक वाटू लागतात. बेस गिटारला मात्र हे सूत्र लावू नये. खर्ज कानापर्यंत पोहोचवण्यासाठी कितीतरी अधिक शक्ती लागते. गिटारच्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून बेस वाजवल्यास स्पीकर फाटण्याची शक्यता असते.

माइक हाच खरा मोठा ॲम्प्लिफायर

सभागृहात ध्वनिक्षेपण यंत्रणा असेल, तर श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याचे काम तिच्यावर सोपवावे. त्यानंतर ॲम्प्लिफायरने केवळ वादकाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना ऐकू जाईल एवढेच बोलायचे असते. या कामासाठी १९६५ पासून बाजारात असलेला 'शुअर एसएम-५७' हा माइक आजही सर्वत्र वापरला जातो. तो स्पीकरच्या जाळीला जवळजवळ टेकवून ठेवतात. स्पीकरच्या मध्यभागी रोखल्यास स्वर धारदार येतो. कडेकडे सरकवल्यास तो मऊ होत जातो. बटणांना हात लावण्याआधी माइक दोन-तीन सेंटीमीटर सरकवून पाहावा. अनेकदा तेवढ्याने काम भागते. ॲम्प्लिफायरमध्ये एकाहून अधिक स्पीकर असतील, तर जो उत्तम वाजतो त्याच्यासमोर माइक लावावा.

अनेक नव्या छोट्या ॲम्प्लिफायरना मिक्सरकडे थेट जाणारी जोडणी असते आणि तिच्यात स्पीकरच्या स्वराची नक्कलही अंतर्भूत असते. माइक किंवा स्टँड कमी असतील अशा ठिकाणी ही सोय मोलाची आहे. मात्र ॲम्प्लिफायरची स्पीकरसाठी असलेली जोडणी मिक्सरला कधीही लावू नये. तिच्यातील शक्तीमुळे मिक्सर खराब होऊ शकतो.

लहान ॲम्प्लिफायरचा एक लाभ ध्वनिसंयोजकालाही होतो. रंगमंचावरील आवाज कमी असेल, तर गायकाच्या माइकमध्ये गिटार शिरत नाही, मॉनिटर फार वाढवावे लागत नाहीत आणि फीडबॅकची शिट्टी टळते. छोट्या सभागृहात गाण्याचे शब्द ऐकू न येण्याचे कारण पुष्कळदा गिटारचा अवाढव्य ॲम्प्लिफायर हेच असते.

यंत्रणा केवळ गायकापुरती असेल, कार्यक्रम मोकळ्या मैदानात असेल, ड्रमवादक जोरकस असेल आणि गिटारचा स्वर स्वच्छ हवा असेल, तर छोट्या ॲम्प्लिफायरची मर्यादा मान्य करणे भाग आहे. अशा वेळी लाइन-आउटमधून शक्तियुक्त स्पीकर जोडणे किंवा मोठे यंत्र भाड्याने आणणे हाच मार्ग उरतो.

वीज, कायदा आणि कान

आवाजाच्या खटाटोपात विजेकडे दुर्लक्ष होऊ नये. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि गायकाचा माइक ध्वनिक्षेपण यंत्रणेच्या. दोहोंपैकी एकाचे अर्थिंग सदोष असेल, तर तारांवर हात आणि माइकला ओठ टेकताच वादकाच्या शरीरातून प्रवाह जाऊ शकतो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या बँडचे गिटारवादक लेस हार्वी यांचा रंगमंचावरच अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श झाल्याने मृत्यू झाला. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढून टाकणे म्हणूनच जिवावर बेतू शकते. सर्व यंत्रे शक्यतो एकाच बोर्डावरून चालवावीत आणि गाण्यापूर्वी तारा व माइकची जाळी यांच्यामधील दाब मल्टिमीटरने तपासावा. अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प्लिफायर भारतातील २३० व्होल्टवर योग्य ट्रान्सफॉर्मरविना लावू नये. जनरेटरचा दाब उतरला तर व्हॉल्व्हच्या बहुतेक ॲम्प्लिफायरची शक्तीही उतरते, हेही ध्यानात ठेवावे.

भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपक आणि ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई आहे. ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती याहून कडक आहे. दाट वस्तीच्या शहरात मोठा ॲम्प्लिफायर आणून तो अर्ध्यावरच वाजवण्यापेक्षा छोटा ॲम्प्लिफायर पूर्ण क्षमतेने वाजवणे स्वराच्या दृष्टीनेही अधिक समाधान देते.

कानाची मर्यादा तर कोणत्याही नियमाहून कठोर आहे. ध्वनितज्ज्ञांच्या प्रचलित मापानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तास सहन करता येतो आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला हा अवधी निम्मा होतो. १०० डेसिबलला तो केवळ १५ मिनिटांवर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल पातळी सुचवली आहे. १०० वॅटच्या युगाचे एक प्रवर्तक, 'द हू'चे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी स्वतःच्या कानांच्या हानीविषयी वेळोवेळी जाहीरपणे सांगितले आहे. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. संगीतकारांसाठी बनवलेले, सर्व पट्ट्या साधारण सारख्याच प्रमाणात कमी करणारे कर्णरक्षक वापरणे हा म्हणूनच सरावाचा भाग असायला हवा.

कार्यक्रमापूर्वी हे तपासावे

* ॲम्प्लिफायर जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला आहे का, त्याचे तोंड वादकाच्या कानाकडे आहे का?
* खर्ज घरच्यापेक्षा कमी, मध्यपट्टी जास्त आणि डिस्टॉर्शन थोडे कमी केले आहे का?
* जादा पेटीचे ओहम जुळतात का, तिची वायर स्पीकरचीच आहे का?
* माइक स्पीकरसमोर नेमका आहे का आणि ध्वनिसंयोजकाशी बोलणे झाले आहे का?
* सर्व बँड एकत्र वाजत असताना एका सहकाऱ्याने सभागृहाच्या मध्यावर उभे राहून ऐकले आहे का?
* अर्थिंग तपासले आहे का आणि कर्णरक्षक सोबत आहेत का?

एवढे करूनही गिटार ऐकू येत नसेल, तर आधी अधिक संवेदनक्षम स्पीकरचा विचार करावा आणि त्यानंतरच अधिक वॅटच्या ॲम्प्लिफायरचा.